इंद्रियावाचून युरिया

पंचगंगेकाठी करवीर तालुक्यात माझ्या पुतण्याचे गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात त्याने तिथे नवी पाटी लावली. वर ठळक अक्षरांत ‘सेंद्रिय गूळ’ आणि खाली बारीक अक्षरांत दोन हमी : उसाला युरिया नाही, गुळाला हायड्रोस नाही. मळी काढायला तो भेंडीचा चीक वापरतो, त्यामुळे गूळ पिवळाधमक न दिसता तांबूस दिसतो आणि गिऱ्हाइकाला ते समजावून सांगताना त्याचा घसा कोरडा पडतो. या पाटीसाठी त्याने तीन वर्षे एकरी कमी ऊस सोसला आहे.

पाटीला पहिला आक्षेप घेतला तो त्याच्याच मुलीने. ती बारावी सायन्सला. तिचे म्हणणे असे की, या दोन ओळी एकमेकींना खोट्या पाडतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात सेंद्रिय रसायनाची गोष्टच मुळी युरियापासून सुरू होते. मग युरिया घातला नाही म्हणून गूळ सेंद्रिय, हे कसे? बापाला वाटले, पोरगी आपल्याला चारचौघांत लबाड ठरवते आहे. आवाज चढले. घरात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी एकटाच, त्यामुळे तंटा माझ्यापुढे आला. दोघांच्या रागाचे मूळ एका शब्दात होते, आणि त्या शब्दाचे मूळ शोधायचे तर फ्रेडरिक वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या घरी जाणे भाग होते.

पण आधी शब्द. ग्रीक भाषेत ‘ऑर्गानॉन’ म्हणजे हत्यार, काम करण्याचे साधन. त्यावरून शरीरातली कामाची साधने, म्हणजे डोळे, यकृत, मूत्रपिंड, ही ‘ऑर्गन’ झाली. संगीत नाटकात पायपेटीच्या थाटाचा जो ऑर्गन आपल्याकडे वाजत आला, तोही याच शब्दाचा वंशज. ज्यांना अशी अंगे आहेत ते प्राणी आणि वनस्पती ‘ऑर्गनिक’, आणि त्यांच्यापासून मिळणारे पदार्थही ‘ऑर्गनिक’. साखर, तेल, डिंक, चरबी, लोकर एका बाजूला. मीठ, चुना, तुरटी, लोखंड दुसऱ्या बाजूला.

एकोणिसाव्या शतकात हे विज्ञान मराठीत आणणाऱ्यांपुढे असे शेकडो शब्द उभे राहिले. आपल्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) त्या पिढीचे. विज्ञानाची पुस्तके मराठीत लिहिण्यात त्यांनी आयुष्य वेचले आणि वर इतिहास व जंत्रीचेही काम केले. कोल्हापुरात त्यांची आठवण आहे त्यापेक्षा जास्त असायला हवी. ‘ऑर्गन’ला मराठीने ‘इंद्रिय’ हा प्रतिशब्द धरला आणि इंद्रियासहित ते ‘सेंद्रिय’, इंद्रियावाचून ते ‘निरिंद्रिय’ अशी जोडी रूढ झाली. हिंदीने पुढे ‘कार्बनिक’ हा सुटसुटीत शब्द पत्करला. मराठीत मात्र इंद्रिय राहिले, आणि त्या इंद्रियात इंद्र आहे! पाणिनीने हा शब्द इंद्रावरून साधला आहे आणि तिथल्या इंद्राचा अर्थ टीकाकारांनी आत्मा असा केला आहे. इंद्रिय म्हणजे आत आत्मा असल्याची खूण. ग्रीक शब्दात नुसते हत्यार होते, आपल्या शब्दात हत्यार चालवणाराही येऊन बसला.

गंमत अशी की, युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनाही त्या काळी नेमके हेच वाटत होते. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या शास्त्राचा तेव्हाचा सर्वांत मोठा अधिकारी. ‘ऑर्गनिक केमिस्ट्री’ हे नाव त्याने रूढ केले. मीठ, चुना प्रयोगशाळेत बनवता येतात, पण साखर किंवा युरिया बनवायला सजीव देह लागतो, कारण देहात एक जीवनशक्ती असते आणि ती बाटलीत सापडत नाही, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत. ती वेडगळ नव्हती. तोवर कोणी सजीवाबाहेर तसे काही करून दाखवलेच नव्हते.

आता वोलर. ३१ जुलै १८०० रोजी फ्रँकफुर्टजवळच्या एशर्सहाइम खेड्यात तो जन्मला. वडील जनावरांचे डॉक्टर आणि शेतीतले जाणकार. मुलाला दगड गोळा करण्याचा आणि घरात भट्ट्या पेटवण्याचा नाद. पोटॅशियम धातू घरीच काढायचा म्हणून त्याने बहिणीला भात्यावर बसवले होते. वैद्यक शिकायला तो १८२० मध्ये मारबुर्गला गेला, तर तिथेही राहत्या खोलीत सायनाइडच्या जातीतल्या संयुगांशी खेळ चालू! प्राध्यापकांनी कान उपटले. याच सुमारास त्याच्या हाती पाऱ्याचे एक संयुग लागले. त्याची गोळी पेटवली की राखेचा लांबलचक साप वळवळत बाहेर पडे. पुढे तो ‘फॅरोचा साप’ म्हणून युरोपात खेळण्यासारखा विकला गेला. आपल्या दिवाळीतल्या सापाच्या गोळीचा हा थोरला चुलतभाऊ. मात्र त्याचा धूर विषारी होता.

मारबुर्ग सोडून तो हायडेलबर्गला लेओपोल्ड ग्मेलिनकडे गेला. तिथे त्याने केलेले एक काम पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पोटात गेलेले कोणते पदार्थ लघवीतून बाहेर पडतात, याचे प्रयोग त्याने कुत्र्यांवर आणि स्वतःवरही केले. म्हणजे लघवीतला युरिया हा पदार्थ त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. १८२३ मध्ये तो डॉक्टर झाला, पण ग्मेलिनने त्याला रोग्यांकडे जाऊ दिले नाही. तुझी जागा रसायनशाळेत, असे सांगून त्याने त्याला बर्झेलियसचे नाव सुचवले. आपल्याकडे शिष्य गुरू शोधत हिंडतो, तसा तेवीस वर्षांचा हा तरुण स्टॉकहोमला निघाला. वाटेत ल्युबेक बंदरात जहाजाची वाट पाहत काही आठवडे काढले, तेही तिथल्या औषधविक्रेत्या मित्राच्या भट्टीवर पोटॅशियम काढण्यात.

बर्झेलियसच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या छातीत धडधडत होते. दार उघडले ते खुद्द बर्झेलियसनेच. जगप्रसिद्ध प्रयोगशाळा म्हणजे साध्या दोन खोल्या. ना मोठी भट्टी, ना नळाचे पाणी. शेजारी स्वयंपाकघर. तिथे अ‍ॅना नावाची बाई स्वयंपाक करी आणि प्रयोगाची भांडीही घाशी. एकदा भांडे घासताना तिने नाक मुरडून एका वायूच्या वासाची तक्रार केली आणि त्या वायूचे जुने, लांबलचक नाव घेतले. बर्झेलियसने तिला समजावले की, आता त्याला क्लोरीन म्हणायचे, तेच बरोबर आहे. तोवर स्वतः बर्झेलियस त्या जुन्या नावाचा कडवा पुरस्कर्ता होता! मोठ्या माणसाने आपले मत बदलल्याची पहिली बातमी मोलकरणीला कळली आणि शेजारी उभा असलेला वोलर ती आयुष्यभर सांगत राहिला. रसायनशास्त्रात नाव बदलणे म्हणजे पाटी बदलणे नव्हे, ते वस्तूकडे पाहणे बदलणे आहे, याचा हा घरगुती पुरावा.

गुरू हात धरून शिकवणारा आणि कठोर. वोलरचा हात चपळ, पण घाईत काम बिघडले की बर्झेलियस स्पष्ट सुनावी. वर्षभराने शिष्य परतला तो गुरूची पुस्तके स्वीडिशमधून जर्मनमध्ये आणण्याचा उद्योग पाठीशी बांधून. तो त्याने वर्षानुवर्षे निभावला. दोघांची पत्रे बर्झेलियसच्या मृत्यूपर्यंत, १८४८ पर्यंत, चालू होती.

१८२५ पासून वोलर बर्लिनच्या एका औद्योगिक शाळेत शिकवू लागला. तिथेच १८२७ मध्ये त्याने अ‍ॅल्युमिनियम धातू करड्या पुडीच्या रूपात वेगळा केला. डेन्मार्कच्या अर्स्टेडने १८२५ मध्ये या धातूवर आधी हात टाकला होता, त्यामुळे मान दोघांत वाटून घ्यावा लागतो. आपल्या आज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणत. ते नाव वोलरवरून पडलेले नाही, पण त्याला ऐकायला आवडले असते.

आणि मग १८२८. त्याला अमोनियम सायनेट नावाचा क्षार हवा होता. चांदीचे सायनेट घेतले आणि त्यात नवसागराचे पाणी घातले. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच. द्रावण आटवल्यावर पांढरे, स्वच्छ स्फटिक मिळाले. पण त्यांची वागणूक सायनेटासारखी नव्हती. असेच पांढरे स्फटिक त्याला चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रयोगात दिसले होते आणि ओळख पटली नव्हती. या खेपेला त्याने लघवीतून काढलेला शुद्ध युरिया शेजारी ठेवला आणि एकेक कसोटी दोघांवर लावली. फरक सापडेना. फ्रान्सच्या रुएलने १७७३ मध्ये लघवीतून काढलेला पदार्थ इथे काचेच्या भांड्यात, माणूस नाही, कुत्रा नाही, मूत्रपिंड नाही, असा उतरला होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने गुरूला हे पत्राने कळवले. पत्रात आनंद लपत नाही.

इथे बहुतेक पुस्तके नगारा वाजवतात : एका सकाळी जीवनशक्ती मेली आणि सेंद्रिय रसायन जन्मले. मला ही मांडणी पटत नाही, आणि वोलरलाही पटली नसती. त्याने स्वतःच शंका काढली होती की, सायनेट ज्या पदार्थांपासून येते ते तरी कुठून येतात? त्या काळी ते खुरे, शिंगे, रक्त असे जनावराचे अवशेष पोटॅशबरोबर भाजून केले जात. म्हणजे देहाचा धागा पुरता तुटला होता असे म्हणता येईना. १८४५ मध्ये कोल्बे याने निखळ निरिंद्रिय पदार्थांपासून पायरी-पायरीने व्हिनेगरमधले आम्ल तयार केले, पुढे फ्रान्सच्या बर्तलोने अशा संयुगांची रांग लावली, तेव्हा कुठे ती समजूत थकत थकत गेली. समजुती बहुधा अशाच जातात.

वोलरला जास्त नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. अमोनियम सायनेट आणि युरिया यांत कार्बन, नत्र, हायड्रोजन, ऑक्सिजन अगदी तितकेच. तरी पदार्थ दोन. ‘रवा’ आणि ‘वार’ या शब्दांत अक्षरे तीच, पण पहिला गुळाचा आणि दुसरा तलवारीचा, तसे हे. अशी एक जोडी त्याआधीच गाजली होती. वोलरचे चांदीचे सायनेट शांतपणे पडून राही आणि युस्टुस लीबिगचे चांदीचे फल्मिनेट हात लावताच उडे. पृथक्करण मात्र दोघांचे सारखे. लीबिग तापट. वोलरचे मोजमाप चुकले असणार, असे त्याने ठरवून टाकले होते. पुन्हा तपासल्यावर ते बरोबर निघाले. बर्झेलियसने १८३० च्या सुमारास या प्रकाराला ग्रीकमधून ‘आयसोमर’ हे नाव दिले, सारख्या भागांचे ते आयसोमर. मराठीत आपण समघटक म्हणतो. त्या वादातून लीबिग आणि वोलर यांची जन्माची मैत्री झाली.

ही मैत्री नुसती शास्त्रातली नव्हती. १८३१ मध्ये वोलर कासेलला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची पत्नी फ्रान्झिस्का बाळंतपणानंतर वारली. पदरी दोन लहान मुले. लीबिगने त्याला आपल्याकडे गीसनला बोलावून घेतले आणि सांत्वन म्हणून काम पुढे ठेवले. कडू बदामाच्या तेलावर दोघे महिनाभर राबले. त्यांना दिसले की, त्या तेलापासून पदार्थामागून पदार्थ बनवले तरी अणूंचा एक गट फुटत नाही, एकत्र कुटुंबासारखा बिऱ्हाड हलवत राहतो. त्याला त्यांनी ‘बेंझॉइल’ म्हटले. बर्झेलियस इतका हरखला की, त्याने या गटासाठी पहाट या अर्थाचे ग्रीक शब्द सुचवले. ते नाव टिकले नाही, बेंझॉइल टिकले. शोकाच्या दिवसांत झालेले हे काम युरियाच्या शोधाहूनही मोलाचे होते असे मी मानतो, कारण युरियाने दार किलकिले केले आणि बेंझॉइलने आत कसे चालायचे ते दाखवले.

पण आत पुढे वोलर फार गेला नाही. १८३५ मध्ये त्याने गुरूला लिहिले की, हे शास्त्र आपल्याला वाट नसलेल्या घनदाट अरण्यासारखे भासते आणि शिरायला भीती वाटते. १८३६ मध्ये तो ग्योटिंगनला प्राध्यापक झाला. लीबिगबरोबर कडू बदामातल्या अमिग्डालिनवर आणि यूरिक आम्लावर काम केले आणि मग मुख्यतः आपल्या पहिल्या प्रेमाकडे, दगड आणि धातूंकडे, वळला. देशोदेशींचे विद्यार्थी त्याच्याकडे येत. १८६२ मध्ये त्याने कॅल्शियम कार्बाइड बनवले आणि पाणी पडताच त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू निघतो हे दाखवले. आपल्या उद्यमनगरात गॅस वेल्डिंगच्या कामाला पिढ्यान् पिढ्या वापरला गेलेला कार्बाइड तो हाच. आणि कायद्याने बंदी असूनही आंब्याच्या अढीत लपवला जातो तोही हाच.

आता घरच्या तंट्याकडे. मुलीचे म्हणणे रसायनशास्त्रात सोळा आणे खरे. वोलरनंतर ‘सेंद्रिय’ या शब्दातले इंद्रिय गळून पडले आणि कार्बनच्या संयुगांचे शास्त्र एवढाच अर्थ उरला. युरिया सेंद्रिय, गुळातली साखर सेंद्रिय, आणि गुळाची ढेप ज्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात तेही सेंद्रिय. पण बापाच्या पाटीवरचा शब्द दुसऱ्या वाटेने आला आहे. १९४० मध्ये लॉर्ड नॉर्थबोर्न या इंग्रज शेतकऱ्याने ‘ऑर्गनिक’ शेती हा शब्द पुस्तकात वापरला. त्याच्या मनात कार्बन नव्हता. शेत हाच एक देह आहे, माती, जनावरे, पिके ही त्याची अंगे, आणि त्या देहाने आपले अन्न आपल्यातच फिरवावे, असे त्याला म्हणायचे होते. त्याच्या आधी अल्बर्ट हॉवर्डने होळकरांच्या इंदूरमध्ये कंपोस्टची पद्धत बसवली होती, तिचा आधार या विचाराला होता. म्हणजे रसायनशास्त्राने टाकून दिलेले इंद्रिय शेतीने उचलून घेतले. शब्द एक, घरे दोन. आपल्या माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असा रकाना असतो, तिथे तर दोन्ही घरे एकाच ओळीत नांदतात.

यात युरियाला विष ठरवण्याचे कारण नाही, हेही मी पुतण्याला सांगितले. युरिया मातीत पडला की जिवाणू त्याचा अमोनिया आणि मग नायट्रेट करतात. शेणखतातला नत्रही शेवटी याच रूपाने उसाच्या मुळाशी जातो. मुळाला पोते आणि उकिरडा यांतला भेद कळत नाही. भेद पडतो तो मातीला. पोत्यातून ४६ टक्के नत्र मिळतो, पण गांडुळांना आणि जिवाणूंना लागणारा पालापाचोळा मिळत नाही. आणि नुसत्या पोत्यावर भरवसा ठेवून पाण्याचा मारा केला की काय होते, हे शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींकडे पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको, जरी त्यात पाण्याचा वाटा पोत्यापेक्षा मोठा आहे.

मुलीला मी दुसरी गोष्ट सांगितली. गुळातल्या साखरेत नत्राचा कणही नसतो. तेव्हा गुळाची साखर कितीही तपासली तरी उसाला काय घातले होते ते ती सांगणार नाही. पाटीवरचा शब्द हा गुळात काय आहे याचे वर्णन नाही, तो कसा पिकवला याविषयी दिलेला शब्द आहे. म्हणून तर त्याला दप्तर, तपासणी आणि प्रमाणपत्र लागते. तिने ते ऐकून घेतले आणि बापाच्या खतांची वही स्वतः लिहायला घेतली. पाटी आहे तशीच आहे.

वोलरच्या स्वभावाची एक गोष्ट सांगायची राहिली. लीबिग भांडखोर होता आणि वोलर त्याला सतत आवरत असे. १८४३ मध्ये लीबिग असाच एका रसायनशास्त्रज्ञावर उखडला होता. तेव्हा वोलरने त्याला लिहिले की, १९०० साल कल्पनेत आणून पाहा. तोवर आपण दोघेही कार्बनचा वायू, अमोनिया आणि पाणी होऊन गेलेले असू, मग या भांडणाची कोणाला आठवण? लीबिग १८७३ मध्ये म्युनिकला वारला. वोलर २३ सप्टेंबर १८८२ रोजी ग्योटिंगनमध्ये गेला. तेव्हा तो ८२ वर्षांचा होता आणि युरियाचे पोते ही वस्तू जगात अजून यायची होती. ती आली विसाव्या शतकात, आणि तिला चांदी लागली नाही, नवसागरही नाही. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरिया होतो तो कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दाबाखाली एकत्र आणून. युरिया वेगळा झाला की मागे पाणी राहते.